खालचा कप्पा

तुम्हाला ठाऊक आहे ती गोष्ट नंतरची.
रंकाळा पेटला ती. पेठेत अजून सांगतात,
भडंगाची पुडी रिकामी होईपर्यंत, हातवारे करून,
आणि तिच्यात मी असतो: काळ्या घोंगडीतला, वाईट.
असू दे.
ही त्याच्या अकरा वर्षं आधीची रात्र,
आणि हिच्यात मी फक्त दिवटी धरलेला पोरगा.

गुंडोपंत इंगळीकर, माझे गुरू.
दिवसा गुळाच्या पेढीवर कारकुनी,
रव्यांचे आकडे आणि मंत्र एकाच वहीत.
गंगावेशीपलीकडं आक्काताई हुपरे,
चांदीच्या घुंगरांत माणसांचे श्वास कोंडणारी.
वैर कशावरून, कुणी विचारलं नाही.
तळ्याखाली खाण, खाणीखाली दार,
दारामागं जे असेल ते एकालाच मिळणार,
एवढं पुरतं वैराला.

माळावरचा वीरगळ आम्ही गाडीतून आणला,
कडब्याखाली झाकून.
तीन कप्पे. वर चंद्रसूर्य, पिंडीपुढं बसलेला वीर.
मधे अप्सरा त्याला काखेत धरून नेताहेत.
खाली लढाई, आणि गायी,
नखाएवढ्या, ओळीनं, शिंगं झिजलेल्या.

गुरूंनी करंगळी कापली. जोंधळे, गुलाल, काकवी.
दगडाला घाम फुटला
आणि खालच्या कप्प्यातून तो उठला:
आधी ढाल, मग खांदा, मग कितीतरी शतकांची भूक.
मला वाटलं होतं, कुणी राजा असेल.
हा गुराखी होता. गुडघ्यावर जुना व्रण.
अर्धी कानडी, अर्धी धूळ अशा भाषेत
त्यानं पहिलंच विचारलं,
गायी परत आल्या का?

गुरू म्हणाले, तू आता माझा. शपथ घे.
तो म्हणाला, घेतो. गायी?

आक्काताई हुशार बाई.
तिला माहीत होतं, दगडात वीर एक असला
तरी त्याच्या पायाखाली आणखी एक कोरलेला असतो,
आडवा, नाक झिजलेला,
ज्याला कधी कुणी शेंदूर लावत नाही.
त्याच दगडाचा ठसा ओल्या मातीत घेऊन
तिनं त्याला उठवलं होतं. चोराला.

खासबाग. मध्यरात्र. तेल, ताक, हळद मुरलेली
तांबडी माती. वर रिकाम्या पायऱ्या,
जणू सगळी गर्दी उद्याची आहे.
दोघं समोर आले. ओळखलं.
मी श्वास धरला.
तर ते बसले,
बांधावर बसावं तसे, उकिडवे, शेजारी शेजारी.

चोर म्हणाला,
तू पडलास आणि त्या हलेचनात.
माझ्या माणसांनी ओढल्या, शेपट्या पिरगाळल्या.
तुला हुंगत उभ्या.
शेवटी कंटाळून गेली माणसं, मलाही तिथंच टाकून.
सांज झाली तशा आपल्या वाटेनं फिरल्या.
तुझा भाला पोटात होता माझ्या,
म्होरकीची घंटा बराच वेळ ऐकू येत होती.

वीर हसला. मी पाहिलं, उजेड माझ्याच हातात होता.
मग मातीकडं बघत राहिला,
खांद्यावरचं उतरवलेलं ओझं
ठेवावं कुठं, हे न कळल्यासारखा.

ऊठ, गुरू म्हणाले.
ऊठ, आक्काताई म्हणाली.
आयुष्यात एवढंच त्यांचं एकमत.

शपथ म्हणजे काय ते तेव्हा दिसलं:
माणूस नको म्हणतो आणि पाय उभे राहतात.

लढाईचं सांगत नाही. नीट लढले.
एकमेकांना फार दुखू नये अशा जागा
शोधत लढले.
पहाटे मातीत दोन ओले डाग होते.
पैलवान आले, फावड्यानं माती वरखाली केली,
रोजच्यासारखी.

दार उघडलं नाही. कुणालाच.

वीरगळ परत माळावर नेऊन रोवला.
चंद्रसूर्य होते तसेच. पिंडीपुढची जागा मोकळी.
मधे अप्सरा, काखेत कुणी नाही.
खाली नुसत्या गायी,
तोंडं आता उलट्या दिशेला.

येताना गुरू गाडीत झोपले.
कासरा माझ्या हातात, आणि ओठ हलत होते.
गारठ्यानं असेल, म्हटलं.
पंचगंगेच्या पुलावर आलो तेव्हा कळलं,
मंत्र मला पाठ झाला होता.